नुसती साखर पाहून भागत नाही

मंचर, नारायणगाव, ओतूर. यांपैकी कोणत्याही गावात संध्याकाळी औषधाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहावे. उसाला पाणी देऊन आलेला शेतकरी, एसटीतून निवृत्त झालेला वाहक, अंगणवाडीची मदतनीस, असे एकामागून एक येतात आणि म्हणतात, "नेहमीचं पाकीट द्या." शुगरची गोळी आता जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कोणाला नवी राहिलेली नाही. उपाशीपोटी साखर किती आली, जेवणानंतर किती आली, हे आकडे या मंडळींना तोंडपाठ असतात. त्यांनाच विचारावे, "आणि बीपी किती असतं?" उत्तर ठरलेले असते. "बीपी नाय मला." कधी मोजले होते? "मागं एकदा मोजलं होतं, तवा काय नव्हतं." प्रस्तुत पुस्तकाचा सगळा खटाटोप या उत्तराभोवती आहे.

मधुमेह म्हटला की लोकांना न भरणारी पायाची जखम आठवते, डोळे आठवतात, अलीकडे डायलिसिसही आठवते. अंगावरून वारे जाणे, म्हणजे पक्षाघात, मात्र वेगळ्याच खात्यात पडते. ते कुठून तरी अचानक येते, नशिबात असेल त्याला येते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक पक्षाघात दहा-पंधरा वर्षे आधी सुरू झालेले असतात. सुमारे सात लाख लोकांची माहिती एकत्र करून २०१० साली एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका मधुमेहींना इतरांच्या दुपटीहून थोडा अधिक, आणि रक्तस्रावाने होणाऱ्या पक्षाघाताचा सुमारे दीडपट, असे त्यात दिसले. म्हणजे ज्याला मधुमेह आहे त्याने पायाइतकीच मेंदूचीही काळजी करायला हवी. ती कशी करायची, हा या पुस्तकाचा विषय.

आत नेमके काय बिघडते, हे बागायतदाराला समजायला अवघड नाही. ठिबकच्या नळीत क्षार साठत जातात, तोट्या अरुंद होतात, आणि तशातच मोटरचा दाब वाढवला तर नळी कुठे तरी तुंबते किंवा फुटते. जास्तीची साखर रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करते. त्या इजेच्या जागी कोलेस्टेरॉलचा थर बसतो. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) अधिक चिकट होतात. मानेतल्या मोठ्या धमन्यांत हे घडते, तसेच मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या केसासारख्या बारीक धमन्यांतही घडते. बारीक धमनी बंद पडली तर कधी कधी बाहेरून काहीच कळत नाही. माणूस थोडा विसराळू होतो, चाल मंदावते, घरचे म्हणतात वय झाले. या सगळ्यावर रक्तदाबाचा मारा चालू असतो, आणि मधुमेह असलेल्या फार मोठ्या संख्येच्या लोकांना रक्तदाबही असतो. साखर एकटी जेवढे नुकसान करते त्याच्या कितीतरी पट नुकसान ही जोडी करते. त्यात तंबाखूची भर पडली की मग विचारायलाच नको.

जुन्नर आणि आंबेगाव नकाशावर एकमेकांना खेटून आहेत, पण दोन्ही तालुक्यांच्या आत दोन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यालगत महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या. भात, नाचणी, वरई, हिरडा, पावसाळ्यातल्या रानभाज्या. पूर्वेला कमी पावसाचे पठार, जिथे एके काळी बाजरी आणि मटकी पिकली तरी वर्ष चांगले गेले म्हणत. मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचे पाणी कालव्यांतून फिरले आणि पूर्व भागाचा चेहरा बदलला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने उभे राहिले. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा, सातगाव पठारावरचा बटाटा, द्राक्षबागा, दूध यांनी घराघरांत पैसा आला. हा पैसा कष्टाचा आहे आणि त्याने मुले शिकली, पक्की घरे झाली. ही प्रगती नको होती असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि या पुस्तकाचा सूरही तसा नाही.

पण ज्या शरीरांवर ही सुबत्ता आली ती शरीरे पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाशी जुळवून घेत आलेली होती. हे तर्काने नव्हे, मोजून दाखवले गेले, आणि तेही पुणे जिल्ह्यातच. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे वजनाने कमी, हाडापेराने बारीक, स्नायूंनी कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी जवळजवळ तेवढीच राखलेली. दिसायला सडपातळ पण आतून चरबीदार अशी ही ठेवण पुढे मोठेपणीही राहते. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्तीची चरबी कोणाची हे सांगायला नको.

म्हणून "मी तर काटक आहे, मला कशाला शुगर" हे इथे चालत नाही. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीच्या कमरेचा ८० सेंटीमीटरच्या वर गेला की सावध व्हायचे, मग वजनकाटा काहीही म्हणो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०११ साली महाराष्ट्रातले मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के दाखवले होते. ग्रामीण भागात ६.५ टक्के, शहरी भागात १०.९. याच पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि ३१ कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब. दुसरा आकडा पहिल्याच्या तिप्पट आहे. तरी आपल्या गावातल्या शिबिरांच्या फलकावर मोठ्या अक्षरात काय असते? 'मोफत शुगर तपासणी.'

पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसांचा आजार आहे हा समज तर गडचिरोलीने कधीच मोडीत काढला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले होते. दर शंभर मृत्यूंमागे चौदा. डिंभ्याच्या पाणलोटापलीकडे आहुपे, असाणे या बाजूला राहणाऱ्या माणसांना हा निष्कर्ष परका वाटण्याचे कारण नाही.

या विषयाचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण आजचे गैरसमज त्यातूनच आले आहेत. आपल्याकडे चरक-सुश्रुतांनी प्रमेह नीट ओळखला होता. बैठे सुख, अतिझोप, गोडधोड यांच्याशी त्याचा संबंध त्यांनी जोडला. सुश्रुताने तर अशा रोग्याला लांबलांब पायी चालायला सांगितले आहे. पक्षाघात मात्र वातव्याधींत गेला आणि हे दोन आजार ग्रंथांत वेगवेगळ्या अध्यायांत राहिले. पाश्चात्त्य वैद्यकातही फार काळ वेगळे चित्र नव्हते. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिन हाती लागले, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ते माणसाला टोचले गेले, आणि मरणाच्या दारातली मुले उठून बसली. त्या विलक्षण यशाने मधुमेह म्हणजे साखर, हे समीकरण पक्के झाले. ते मोडायला सुरुवात केली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या छोट्या गावाने. १९४८ पासून तिथल्या हजारो रहिवाशांना वर्षानुवर्षे तपासत गेल्यावर रक्तदाब, धूम्रपान, कोलेस्टेरॉल आणि मधुमेह हे हृदयाच्या आणि मेंदूच्या आजारांचे आधीचे टप्पे म्हणून एका रांगेत दिसू लागले.

त्यानंतरचा सगळा वाद एका प्रश्नाचा आहे. मधुमेह्याच्या मेंदूला वाचवायचे तर आधी कशाला हात घालायचा?

एक पंथ साखरेचा. साखर जितकी खाली तितके बरे, असे तो मानत आला. ब्रिटनमध्ये वीस वर्षे चाललेल्या यूकेपीडीएस या अभ्यासाने १९९८ साली या मताची परीक्षा घेतली. साखर काटेकोर ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्या वाचल्या, यात शंका उरली नाही. पक्षाघात मात्र त्याने लक्षणीय कमी झाला नाही. त्याच अभ्यासात काही रुग्णांचा रक्तदाब कडक आटोक्यात ठेवला होता, सरासरी १४४/८२. दुसऱ्या गटाचा १५४/८७. फरक केवळ दहा अंकांचा, आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी. गेली पंचवीसहून अधिक वर्षे हा आकडा वैद्यकाच्या पुस्तकांत छापला जातो आहे. तो अजून आपल्या गावच्या पारावर पोहोचलेला नाही, ही मला या विषयातली सर्वांत दुःखाची गोष्ट वाटते.

दुसरा पंथ म्हणतो, एकेक घटक पाहू नका, सगळे मिळून धरा. डेन्मार्कच्या स्टेनो केंद्रात अवघ्या १६० रुग्णांवर हे करून पाहिले. आहार, व्यायाम, तंबाखू सोडणे, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल या सगळ्यांवर एकाच वेळी लक्ष. जवळपास आठ वर्षांनी, २००३ साली, हृदय आणि रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग निम्म्यावर आलेले दिसले. २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात मधुमेहींना कोलेस्टेरॉलची साधी १० मिलिग्रॅमची गोळी दिली, पक्षाघात जवळपास अर्ध्याने घटला.

तिसरा पंथ जीवनशैलीचा, आणि महाराष्ट्रात सर्वांत जास्त बोलबाला याचाच. त्याचा पाया भक्कम आहे. चीनमधल्या दा-चिंग शहरात १९८६ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांपैकी बहुतेकांना आहार, व्यायाम किंवा दोन्हींची शिस्त लावली. तीस वर्षांनी पाहिले तर त्यांच्यात मधुमेह सरासरी चार वर्षे पुढे ढकलला गेला होता आणि हृदय-मेंदूचे आजार २६ टक्क्यांनी कमी होते. आपल्याकडे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली दाखवले की औषधाशिवाय, फक्त राहणी बदलून उंबरठ्यावरच्या भारतीयांमधला मधुमेह २८.५ टक्क्यांनी टळतो. स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या एका अभ्यासात वजन मोठ्या प्रमाणात उतरवल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांची साखर वर्षभराने गोळीशिवाय आटोक्यात होती. मराठी घरांत मात्र हा विषय पोहोचला तो दोन नावांनी. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि रोज पाऊण तास चाला. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडे थोडे वेळच्या वेळी खा, आजी खायची ते खा, तूप सोडू नका. भिशीत, शाळेच्या शिक्षकखोलीत, सप्ताहाच्या मंडपात यावर हिरिरीने वाद झाले. या वादाने हजारो माणसे आपल्या ताटाकडे पहिल्यांदा डोळसपणे पाहू लागली, आणि त्यासाठी दोघांचेही ऋण मानायला हवे.

तरी एक गोष्ट बोलायला हवी. अमेरिकेत पाच हजारांहून अधिक मधुमेहींवर केलेला लुक-अहेड हा अभ्यास २०१२ साली थांबवावा लागला. आहार-व्यायामाने त्यांचे वजन उतरले, साखर सुधारली, गोळ्या कमी झाल्या, जगणे सुखाचे झाले. पण हृदयविकार आणि पक्षाघात त्याने कमी झाले नाहीत. राहणी बदलण्याचे मोल यामुळे उणावत नाही. पण वजन उतरले, साखर उतरली, म्हणून मेंदू सुरक्षित झाला असे गृहीत धरता येत नाही. इथे नेमकी उलटी चाल होताना दिसते. चार महिने कसोशीने आहार पाळून साखर नॉर्मल आली की माणूस आनंदाने सगळ्याच गोळ्या बंद करतो, त्यात बीपीचीही. दुखत नाही, खुपत नाही, मग गोळी कशाला? रक्तदाब कोणाला कळवून वाढत नाही. गोळी कमी करायची असेल तर ती मोजून, डॉक्टरांसमोर आणि एकेक करून. हे पुस्तक या बाबतीत कडक आहे आणि ते योग्यच आहे.

चौथा प्रवाह अलीकडचा, आणि मला आपल्या गावांसाठी सर्वांत आशादायक वाटतो. तो रुग्णालयाकडे न पाहता गावाकडे पाहतो. चीनच्या ग्रामीण भागातल्या ६०० गावांपैकी निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेले मीठ दिले, आणि २०२१ साली कळले की पक्षाघात १४ टक्क्यांनी घटला. तिथल्याच दुसऱ्या एका प्रयोगात गावातल्याच साध्या डॉक्टरांनी ठरलेल्या पद्धतीने रक्तदाब मोजून गोळ्या दिल्या, आणि पक्षाघात व हृदयविकार तिसऱ्या हिश्श्याने उतरले. ना मोठी यंत्रे, ना मोठी नावे. आपल्याकडेही आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची यादी करतात, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. म्हणजे अवजारे आपल्या घरात आहेत. पोटॅशियमच्या मिठाबाबत एक सावधगिरी मात्र इथेच सांगून ठेवतो. ज्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाली आहे किंवा ज्यांना रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये. मधुमेहींत असे लोक थोडे नसतात.

आता दवाखान्यातला प्रसंग पाहू. साठीची एक मावशी नातवाच्या मोटारसायकलवरून उतरून, पायऱ्या चढून आत येते. स्टुलावर बसते न बसते तोच तिच्या लुगड्याच्या पदरावरून आणि चोळीच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला जातो. ती बोलत असते, सुनेची तक्रार सांगत असते. हात लोंबकळतो आहे, पाय अधांतरी. सकाळी मिश्री लावून ती निघालेली आहे. अशा वेळी जो आकडा येईल त्याला काय अर्थ? खुर्चीला पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसायचे. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. दोनदा मोजायचे, मध्ये मिनिटभर जाऊ द्यायचे. इतके केले तर कोणाचा वाढलेला आकडा उतरतो आणि कोणाचा लपलेला वर येतो. मधुमेह्याने साधारण १३०/८० च्या खाली राहावे, असे आजचे मार्गदर्शन आहे. घरी यंत्र घेणे परवडत असेल तर साखर मोजायच्या यंत्राआधी मी ते घ्यायला सांगेन.

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते. पाच ग्रॅम म्हणजे किती हे कोणाला सांगता येणार? पण पाच माणसांच्या घराचा हिशेब सोपा आहे. पाच गुणिले पाच गुणिले तीस, म्हणजे महिन्याला ७५० ग्रॅम. म्हणजे किलोचा पुडा सव्वा महिन्याहून अधिक पुरला पाहिजे. पुडा फोडला त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहून ठेवायची. मीठ कुठे गेले याचा शोध मग आपोआप लागतो. ठेचा, लोणचे, भाकरीबरोबर तोंडी लावायला सुकट किंवा खारवलेला बोंबील, पापड, कुरडया, फरसाण. शिवाय पाकिटातले आणि हॉटेलातले मीठ या हिशेबात नाहीच. घरातल्या कारभारणीने हे एकदा मनावर घेतले तर डॉक्टरच्या दहा भाषणांपेक्षा जास्त काम होते. फक्त तिने "ह्यांच्यासाठी वेगळं अळणी" करू नये, सगळ्यांसाठीच हळूहळू कमी करावे. जीभ काही आठवड्यांत सवय लावून घेते.

जीवनशैलीचे सल्ले बहुधा शहरातल्या बागेभोवती फिरणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. 'पहाटे उठून मोकळ्या हवेत चाला' हे वाक्य जुन्नर वनविभागात छापणे धोक्याचे आहे. इथे उसात बिबट्या आहे, माणसांवर हल्ले झालेले आहेत, आणि अंधारात एकटे बाहेर पडू नका असेच वनखाते सांगते. मग चालायचे ते उजेडात, गावठाणात, शाळेच्या मैदानावर, दोघातिघांनी मिळून. किंवा प्रत्येक जेवणानंतर ओट्यावर-अंगणात पंधरा मिनिटे, ज्याने जेवणानंतरची साखर नीट खाली येते. पायात चप्पल हवीच, कारण मधुमेह्याला खडा टोचलेला कळत नाही. "आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कशाचा व्यायाम?" हा प्रश्न तितकाच खरा आणि तितकाच जुना झालेला आहे. मोटर मोबाइलवरून चालू होते, नांगरट ट्रॅक्टर करतो, वाकून करायची कामे पश्चिमेच्या वाड्यांतून नारायणगावला आलेले मजूर करतात. बागायतदाराचा दिवस आता मोटारसायकलच्या सीटवर जातो. त्यात रात्रीच्या विजेवर पाणी द्यायचे असले की झोप मोडते, आणि मोडलेली झोप साखर आणि रक्तदाब दोन्ही वर ढकलते. दिवसा वीज मिळावी ही इथल्या शेतकऱ्याची मागणी आरोग्याचीही आहे.

चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की मांडवाला पाव्हणे येतात, बैलगाड्याच्या घाटात अख्खा गाव उन्हात उभा राहतो, पुरणपोळी, मटण, मासवडीचा रस्सा होतो. दोन दिवस जेवण सैल झाले म्हणून कोणाला पक्षाघात होत नाही. त्या दोन दिवसांत गोळ्या घरी विसरतात आणि पुढचे पंधरा दिवस सुरूच होत नाहीत, त्याने होतो. उपासाचे उलट आहे. एकादशीला सकाळची गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिलेल्याची साखर झपकन उतरू शकते, आणि मग साबुदाण्याच्या ताटलीने ती वर उसळते. उतरलेली साखर कधी हुबेहूब लकव्याचे सोंग घेते. एक बाजू लुळी, जीभ जड. म्हणून अशा कोणत्याही माणसाची साखर जागेवरच पाहायची. कमी असली आणि तो शुद्धीत राहून गिळू शकत असला तर साखरपाणी द्यायचे. पण त्यासाठी गाडी थांबवायची नाही.

कारण खरा पक्षाघात असेल तर घड्याळ सुरू झालेले असते. दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवा. तोंड एका बाजूला वाकडे, एक हात वर धरता येत नाही, बोलणे बोबडे. यांतले एकही दिसले की १०८ ला फोन करायचा, आणि सीटी स्कॅन व हे इंजेक्शन ज्या रुग्णालयात आहे तिथेच जायचे. तेल चोळणे, कबुतराचे रक्त लावणे, अंगारा, 'सकाळी बघू', यांत ते साडेचार तास संपतात. मंचरहून पुणे साठेक किलोमीटर आहे आणि मध्ये चाकणची वाहतूक आहे. कोंढवळ किंवा आहुप्याच्या माणसाला तर आधी घोडेगाव गाठायचे असते. दहा मिनिटांत आपोआप बरे वाटले तरी जायचेच, कारण खरा झटका पुढच्या एक-दोन दिवसांत येण्याची भीती तेव्हाच सर्वांत जास्त असते. या अंतरांकडे पाहिले की टाळण्यावर इतका भर का, हे समजते.

हे पुस्तक मधुमेह असलेल्या घरांसाठी आहे, आशाताईंसाठी आहे, आणि तालुक्यातल्या तरुण डॉक्टरांसाठीही. त्यात ग्रॅममध्ये मोजलेला आहाराचा तक्ता सापडणार नाही. बाजरीची भाकरी दोनऐवजी दीड, तिच्याबरोबर मटकीची उसळ वाढवलेली, रेशनच्या तांदळाच्या जोडीला पश्चिमेची नाचणी, अशा तऱ्हेने ते बोलते. नाचणी पथ्याची म्हणून कितीही खा, असे मात्र ते सांगत नाही, कारण तीही धान्यच आहे. गोळ्यांना ते शत्रू मानत नाही, आणि गोळी घेतली की राहणी कशीही चालेल असेही म्हणत नाही. एका बाबतीत माझे लेखकांशी मत जुळत नाही. त्यांनी चालण्याला पहिले स्थान दिले आहे. मी तंबाखूला दिले असते. बिडी, मळलेली तंबाखू आणि बायकांची मिश्री या तिन्ही गोष्टी रक्तवाहिन्यांवर घाला घालतात. मिश्रीबद्दल आपण कायम संकोचाने बोलत आलो, त्यामुळे हजारो स्त्रिया तिला व्यसन मानतच नाहीत, दात घासणे मानतात. या विषयावर पुढच्या आवृत्तीत आणखी लिहिले जावे, अशी मी लेखकांना विनंती केली आहे.

पक्षाघात होऊन गेल्यावरची शुश्रूषा, फिजिओथेरपी, घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी हा सगळा भाग इथे नाही. तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे आणि ते कोणी तरी लवकर लिहावे.

शेवटच्या पानांवर रक्तदाब, कमरेचा घेर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि चालू गोळ्या लिहून ठेवण्यासाठी कोरे तक्ते आहेत. प्रत्येक तक्ता दोनदा छापला आहे. एक ज्याचा मधुमेह सापडला त्याचा, दुसरा त्याच्या जोडीदाराचा. एकाच चुलीवरचे खाणारी ही दोन माणसे, पण दवाखान्यात बहुधा नवऱ्याला आणले जाते आणि बायको पिशवी धरून बाकावर बसते. तिचाही दंड उघडा करून मोजावे, एवढ्यासाठी तो दुसरा तक्ता आहे.